मणक्याच्या गादीचा विकार : शस्त्रक्रिया केव्हा, धीर केव्हा?



तथागतांची पाठ दुखत असे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात असते. मज्झिम निकायातील सेख सुत्तात तो प्रसंग आला आहे. कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. तेथे रात्री बराच वेळ उपदेश केल्यावर भगवंतांनी आपली पाठ दुखत असल्याचे सांगितले, पुढील उपदेश आनंदांवर सोपविला आणि स्वतः उजव्या कुशीवर विश्रांती घेतली. दीघ निकायातील संगीति सुत्तातही पावा येथे असाच प्रसंग घडला असून तेथे उपदेशाची जबाबदारी सारिपुत्तांकडे आली. या दोन प्रसंगांतून आम्हाला एक साधा बोध होतो. दुखणे लपवावयाचे नसते, त्याची लाज बाळगावयाची नसते आणि शरीर थांबा म्हणते तेव्हा काम दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे असते. आपल्या घरांत मात्र याच्या उलट चालते. पाण्याचे हंडे उचलणारी आई, पोती वाहणारा हमाल, दिवसभर स्टिअरिंगसमोर बसणारा एस.टी. चालक, शिलाई यंत्रावर वाकलेली बहीण, हे सारे पाठदुखी अंगावर काढतात. आणि अगदीच असह्य झाली की कोणी सांगेल त्या मार्गाने धावतात.

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर असून बँकेत लिपिक म्हणून काम करतो. या विषयावर लिहिण्यास आम्हाला दोन गोष्टी भाग पाडतात. एक म्हणजे आमची स्वतःची कंबर, आणि दुसरी म्हणजे आमच्या हातून घडलेली एक चूक. ती चूक पुढे यथास्थित सांगू. तत्पूर्वी विषय समजून घेऊ.

कणा, गादी आणि ‘गॅप’

माणसाच्या पाठीच्या कण्यात जन्मतः ३३ मणके असतात. मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५, त्याखाली त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे ४. यांपैकी शेवटचे नऊ पुढे एकमेकांना जुळतात. वरचे २४ हलते राहतात. मानेचे पहिले दोन मणके सोडले तर प्रत्येक दोन हलत्या मणक्यांमध्ये, तसेच कमरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामध्ये एक गादी असते. अशा एकूण २३ गाद्या. गादीचे बाहेरचे कवच चिवट तंतूंच्या अनेक थरांचे असते आणि आत पाणीदार, लगद्यासारखा गर असतो. आपण वाकतो, उडी मारतो, ओझे उचलतो तेव्हा ही गादी धक्के सोसते.

वय वाढते तसे गादीतील पाणी कमी होते, कवचाला बारीक चिरा जातात. मग कधी गादी चहूबाजूंनी थोडी फुगते, कधी एका ठिकाणी बाहेर येते, तर कधी कवच फाटून आतला गर बाहेर पडतो. लोक याला ‘गादी सरकली’ म्हणतात. प्रत्यक्षात गादी जागेवरून सरकत नाही. तिच्यातला भाग बाहेर येतो. तसेच ‘मणक्यात गॅप पडला’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो. तोही फसवा आहे. गादी झिजल्यावर दोन मणक्यांतील अंतर वाढत नाही, उलट कमी होते. शब्द फसवा असला की उपाय फसवा निघतो. ‘गॅप भरून देतो’ असे सांगून तेल, पुड्या आणि पट्टे विकणाऱ्यांचा धंदा याच एका शब्दावर चालतो.

बहुतेक वेळा हा विकार कमरेच्या सर्वांत खालच्या दोन गाद्यांत होतो, कारण शरीराचा भार तेथे अधिक पडतो. येथे एक धीर देणारी माहिती विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. मेंदूकडून येणारा मुख्य मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा सुट्या नसांचा झुबका असतो. म्हणून कमरेच्या खालच्या गादीमुळे किंवा तिच्या शस्त्रक्रियेमुळे दोन्ही पाय कायमचे लुळे पडतात, ही आपल्याकडची सरसकट भीती अतिरंजित आहे. मात्र याच झुबक्यातील नसा लघवी, शौच आणि पायांचे स्नायू सांभाळतात. त्यामुळे बेफिकिरीलाही जागा नाही.

पाय का दुखतो?

रोग कमरेत आणि वेदना पायात, हे अनेकांना पटत नाही. बाहेर आलेला भाग नसेवर दाबतो आणि गरातील द्रव्यांमुळे नसेला दाहही होतो. ती नस जेथपर्यंत जाते तेथपर्यंत कळ जाते. नितंबापासून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत आणि पुढे पावलापर्यंत जाणाऱ्या या वेदनेस सायटिका म्हणतात. शेवटून दुसऱ्या गादीने नस दबली की बहुधा पावलाच्या वरच्या भागात व अंगठ्याकडे मुंग्या येतात आणि टाचांवर चालणे जड जाते. शेवटच्या गादीने दबली तर पावलाच्या कडेला व करंगळीकडे बधिरपणा येतो आणि चवड्यांवर चालणे जड जाते. डॉक्टर आपल्याला टाचांवर-चवड्यांवर चालायला लावतात, गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलतात, छोटी हातोडी मारतात, टाचणीने स्पर्श तपासतात, ते यासाठीच. या तपासणीला पैसा लागत नाही आणि तिच्यावाचून केलेले निदान अपुरे असते.

दाह हे वेदनेचे अर्धे कारण असल्याने आणखी एक गोष्ट घडते. दाह ओसरला की गादी तशीच असूनही वेदना उतरू शकते. शिवाय बाहेर पडलेला गर शरीर हळूहळू स्वतःच शोषून घेते. मोठा, तुटून बाहेर पडलेला तुकडा तर पुष्कळदा लहानापेक्षा अधिक आक्रसतो. म्हणजे अहवालात ‘मोठा’ हा शब्द वाचून लगेच घाबरण्याचे कारण नाही.

चित्र खरे की माणूस खरा?

साध्या क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, गादी दिसत नाही. गादी आणि नसा दिसतात त्या एम.आर.आय.मध्ये. परंतु एम.आर.आय. दाखवतो ते सारेच दुखण्याचे कारण असते असे नाही. १९९४ साली अमेरिकेत पाठीचे कोणतेही दुखणे नसलेल्या ९८ माणसांचे एम.आर.आय. काढण्यात आले. त्यांपैकी ५२ टक्के लोकांत निदान एक गादी फुगलेली आढळली आणि २७ टक्के लोकांत गादी एका ठिकाणी बाहेर आलेली होती. ही सारी ठणठणीत माणसे होती. वयाबरोबर केस पिकतात तशा गाद्याही पिकतात. म्हणून ज्या बाजूचा व ज्या नसेचा त्रास आहे, त्याच बाजूची व तीच नस चित्रात दबलेली दिसली पाहिजे. चित्र आणि माणूस यांची साक्ष जुळली तरच ते चित्र पुरावा ठरते.

तसेच प्रत्येक पाठदुखी गादीची नसते. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणे, रात्री विश्रांतीतही वाढणारी वेदना, पूर्वी झालेला क्षयरोग किंवा कर्करोग असा इतिहास असेल तर तसे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मणक्याचा क्षय आपल्या देशात अजूनही आढळतो. त्यावर औषधे आहेत आणि शासनाच्या क्षयरोग कार्यक्रमातून ती विनामूल्य मिळतात.

शस्त्रक्रियेवाचूनचे उपाय

पूर्वी दोन-तीन आठवडे पलंगावर पडून राहण्यास सांगत. १९९९ साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवले, बाकीच्यांना झेपेल तितके हिंडू-फिरू दिले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे ८७ टक्के रुग्ण सुधारलेले होते. म्हणून दुखणे जोरात असताना एक-दोन दिवस पडून राहणे ठीक. पुढे मात्र थोडे थोडे चालत राहावे. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने व ठराविक दिवसच घ्याव्यात, कारण त्या महिनोन् महिने घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंड यांना अपाय होतो. नसेच्या दुखण्यावर सर्रास लिहिल्या जाणाऱ्या प्रेगाबॅलिन या औषधाची २०१७ साली ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या २०९ रुग्णांवर कसोटी झाली, तेव्हा ते नुसत्या नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही. मणक्याजवळ देण्यात येणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडू शकतो. तो कायमचा इलाज नव्हे. वजने लावून पाय ताणण्याचा म्हणजे ट्रॅक्शनचा खात्रीचा फायदा अभ्यासांतून दिसलेला नाही. पट्टा थोड्या दिवसांचा आधार देतो, पण तो जन्माचा सोबती करू नये.

फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली केलेले व्यायाम आणि चालणे हे मात्र टिकाऊ उपाय आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात पाठदुखीतून बरे झालेल्या ७०१ जणांपैकी एका गटाला नियमित चालण्याचा क्रम लावून दिला. त्या गटात दुखणे पुन्हा उलटण्यास मध्यमानाने २०८ दिवस लागले, इतरांत ११२. चालण्यास पैसे पडत नाहीत. तंबाखू आणि विडी सोडणे हाही गादीचाच उपचार आहे, हे आमच्या मित्रांनी रागावू नये म्हणून हळूच सांगतो.

हाडवैद्याकडून कंबर ‘बसवून’ घेणे, पाठीवर पाय देऊन तुडवून घेणे, मान किंवा कंबर झटक्याने मोडून घेणे हे प्रकार नस दबलेली असताना धोक्याचे आहेत. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत ती पुडी घेऊ नये. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत.

शस्त्रक्रिया काय करते आणि काय करत नाही

गादीचा गर बाहेर येऊन नस दबते हे १९३४ साली अमेरिकेतील बॉस्टन येथील मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी आपल्या निबंधात मांडले आणि या शस्त्रक्रियेचा मार्ग खुला झाला. १९७७ पासून सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने लहान छेदातून ती करण्याची पद्धत रूढ होत गेली. आज दुर्बिणीतूनही ती करतात. यात पूर्ण गादी काढत नाहीत. नसेवर दाबणारा तुकडा काढतात.

ही शस्त्रक्रिया पायाच्या वेदनेवर उत्तम काम करते. नुसत्या कंबरदुखीवर तिचा तसा भरवसा नाही. ती गादीला पुन्हा तरुण करीत नाही. शंभरांपैकी सुमारे पाच ते दहा जणांत त्याच ठिकाणी गादी पुन्हा बाहेर येते. जंतुसंसर्ग, नसेभोवतीचे आवरण फाटणे, क्वचित नसेला इजा आणि भुलीचे धोके हेही असतात. स्क्रू आणि सळ्या घालून मणके जोडण्याची शस्त्रक्रिया ही वेगळी व मोठी बाब आहे. केवळ गादी बाहेर आली असेल आणि मणके अस्थिर नसतील तर बहुधा तिची गरज नसते. ती सुचविली गेल्यास कारण विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आता मुख्य प्रश्न : कापावे की थांबावे? १९८३ साली नॉर्वेतील वेबर यांनी १२६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेले अधिक बरे होते. चार वर्षांनी फरक फारसा उरला नाही आणि दहा वर्षांनी तो दिसेनासा झाला. २००७ साली नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला धीर. शस्त्रक्रियेच्या गटाला बरे वाटण्यास मध्यमानाने चार आठवडे लागले, थांबणाऱ्यांना बारा. परंतु वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, उरलेल्यांची ती टळली. याला दुसरी बाजूही आहे. २०२० साली कॅनडात चार ते बारा महिने सायटिका अंगावर काढलेल्या १२८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पायाची वेदना शस्त्रक्रिया झालेल्यांत स्पष्टपणे कमी होती. म्हणजे सुरुवातीचा धीर फळतो, पण धीरालाही मुदत असते.

या आकड्यांत एक गोष्ट लपलेली आहे, ती आपल्या समाजाने विशेष ध्यानात घ्यावी. चार आठवडे आणि बारा आठवडे यांत आठ आठवड्यांचे अंतर आहे. भरपगारी रजा असणाऱ्याला ते अंतर फक्त वेदनेचे आहे. रोजंदारीवर जगणाऱ्याला ते चुलीचे आहे. म्हणून दोघांचा एम.आर.आय. एकसारखा असला तरी दोघांचा निर्णय वेगळा असू शकतो आणि दोघांचाही बरोबर असू शकतो.

दोन कंबरांची कहाणी

२०१९ साली बँकेत नाण्यांची थैली उचलून बाजूला वळताना आमच्या कमरेत उसण भरली. दुसऱ्या दिवशी शिंक आली आणि डाव्या पायात करंगळीपर्यंत वीज गेल्यासारखे झाले. एका खाजगी रुग्णालयात एम.आर.आय. पाहून, आम्हाला तपासणीच्या टेबलावर न घेताच, ‘परवा दाखल व्हा, नाहीतर पाय जाईल’ असे सांगण्यात आले. आम्ही भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढण्याचा अर्जही लिहिला. एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेलो. तेथे रांगेत साडेतीन तास उभे राहिलो, आणि तपासणी वीस मिनिटे झाली. टाचांवर चाललो, चवड्यांवर चाललो. डॉक्टर म्हणाले, ‘पायातली ताकद शाबूत आहे. सहा आठवडे थांबू. पाय लटका पडला किंवा लघवीचा त्रास झाला तर मात्र त्याच दिवशी या.’ पाचव्या आठवड्यात कळ उतरू लागली. दहाव्या आठवड्यात आम्ही कामावर रुजू झालो. शस्त्रक्रिया झाली नाही.

येथेच आमच्या अहंकाराने जन्म घेतला. जो भेटेल त्याला आम्ही सांगू लागलो, ‘कापायला जाऊ नका, आमचे पाहा!’

२०२२ साली आमच्या धाकट्या चुलतबंधूंना, जे बाजार समितीच्या आवारात हमाली करतात, तसाच त्रास सुरू झाला. त्यांनी आम्हाला विचारले. घरात शिकलेले आम्हीच. आम्ही म्हणालो, ‘घाई करू नकोस. आपोआप बरे होते.’ डॉक्टरांनी आम्हाला दिलेली शेवटची सूचना आम्ही त्यांना सांगितलीच नाही. आम्ही थांबलो होतो ते रजेवर, घरात. ते थांबले ते पोती वाहत. मध्यंतरी एका हाडवैद्याकडेही गेले. एके दिवशी फोनवर म्हणाले, ‘दादा, डाव्या पायातली चप्पल चालताना निसटते, कळतसुद्धा नाही.’ आम्ही हसून उत्तर दिले, ‘जुनी झाली असेल, नवी घे.’

पाऊल उचलणारा स्नायू दुबळा झाला की चप्पल पायात राहत नाही. ते रोगाचे बोलणे होते आणि आम्ही ते चपलेचे समजलो. पंधरा दिवसांनी त्यांची लघवी अडली, बसण्याची जागा बधिर झाली. उष्णता झाली असेल म्हणून घरच्यांनी धने-जिऱ्याचे पाणी दिले. तिसऱ्या दिवशी रुग्णालयात नेले तेव्हा त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. पायाची कळ गेली. पाऊल बरेचसे सुधारले. लघवीवरचा ताबा मात्र पुरता परत आला नाही. आजही त्यांना दिवसातून काही वेळा नळी वापरावी लागते. हमाली सुटली.

त्यांनी आम्हाला कधी दोष दिला नाही. भावजय एकदाच म्हणाल्या, ‘भाऊजी, आम्ही तुमचंच ऐकलं होतं.’ या लेखासाठी आम्ही त्यांची परवानगी मागितली तेव्हा बंधू म्हणाले, ‘नाव नका घालू. पण दादा, चपलेचं नक्की लिहा.’ म्हणून लिहिले आहे.

निर्णयाच्या चार पायऱ्या

पहिली पायरी, तातडीची. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांत वाढती कमजोरी, लैंगिक संवेदना कमी होणे. यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी मोठे रुग्णालय गाठावे. येथे तासांचा हिशोब असतो. पहिल्या ४८ तासांत, आणि त्यातही जितक्या लवकर दाब निघेल तितके बरे. ही लक्षणे सांगण्यास लाजू नये. लाजेने गेलेली नस परत मिळत नाही.

दुसरी पायरी, लवकरची. पाऊल लटके पडणे, टाचांवर किंवा चवड्यांवर चालता न येणे, चप्पल निसटणे, पायातील ताकद दिवसेंदिवस घटणे. यासाठी शल्यविशारदाला एक-दोन दिवसांतच भेटावे.

तिसरी पायरी, धीराची. वेदना आहे, मुंग्या आहेत, पण ताकद शाबूत आहे. येथे सहा ते बारा आठवडे औषध, हालचाल, व्यायाम आणि जड कामापासून सुटका. मात्र दर आठवड्याला घरीच टाचांवर व चवड्यांवर दहा पावले चालून पाहावे. थांबणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे; थांबणे म्हणजे लक्ष ठेवून थांबणे.

चौथी पायरी, विचाराची. मुदत संपली, पायाची वेदना हटत नाही, झोप आणि रोजी दोन्ही गेली, आणि चित्र व तपासणी यांची साक्ष जुळते. आता शस्त्रक्रिया करून घेणे हा पराभव नाही. तो शहाणपणाचा निर्णय आहे.

डॉक्टरांना भेटताना पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

१. माझ्या पायातील ताकद आज किती आहे? ती घटली आहे काय?

२. एम.आर.आय.मध्ये दिसणारी नस आणि माझे दुखणे यांचा मेळ बसतो काय?

३. सहा आठवडे थांबलो तर कोणता धोका आहे?

४. शस्त्रक्रियेत फक्त तुकडा काढणार की मणके जोडणार? जोडणार असल्यास का?

५. कामावर केव्हा परत जाता येईल? जड काम पुन्हा करता येईल काय?

६. एकूण खर्च किती आणि तो कोणत्या योजनेत बसतो?

तातडीची लक्षणे नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे. चांगला डॉक्टर त्यामुळे रागावत नाही.

खर्चाची बाजू

पैशाअभावी निर्णय लांबू नये म्हणून थोडी माहिती. राज्य शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली होती व २०१७ पासून सध्याच्या नावाने चालते. तिच्या यादीतील रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसतात. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते काय आणि कागदपत्रे कोणती, हे त्यांना आधी विचारावे. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिली आहे. भपकेबाज इमारत पाहून आपण दारातूनच परततो. तसे न करता तेथील समाजसेवा विभागात चौकशी करावी. राज्य कामगार विमा असणाऱ्यांनी आपले कार्ड जवळ ठेवावे. आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांपैकी दोघांनी जरी ही कागदपत्रे नीट समजून घेतली तरी कितीतरी कुटुंबे सावकाराच्या दारापासून वाचतील, असे आम्हास वाटते.

जीवकांचा धडा

विनयपिटकातील महावग्गात तक्षशिलेला शिकलेल्या जीवक या थोर वैद्याची कथा आहे. राजा बिंबिसाराला भगंदर झाला तेव्हा जीवकांनी केवळ लेप लावून तो बरा केला. राजगृहाच्या श्रेष्ठीचे मस्तक दुखत होते तेव्हा मात्र त्यांनी कवटी उघडून शस्त्रक्रिया केली. वैद्य एकच, पण एकाला लेप आणि दुसऱ्याला शस्त्र. जीवकांनी आधी रोगी पाहिला आणि मग उपाय ठरविला. आम्ही नेमके उलट केले. आमच्या अंगाला लागू पडलेला उपाय हाती घेऊन आम्ही रोगी शोधत निघालो.

कालाम सुत्तात भगवंतांनी कालामांना सांगितले ते आपण दरवर्षी व्याख्यानांतून ऐकतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, एवढेच काय, सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही काही मानू नये. स्वतः पारखून घ्यावे. हा उपदेश आम्ही देवदेवस्कीच्या बाबतीत पाळला आणि कमरेच्या बाबतीत विसरलो. आमच्या चुलतबंधूंनी आमचे ऐकले, कारण आम्ही शिकलेले होतो आणि त्यांचे दादा होतो. म्हणून शिकलेल्यांनी, विशेषतः विद्यार्थी मित्रांनी, एवढे पथ्य पाळावे. घरातले कोणी विचारील तेव्हा आपला अनुभव सांगण्याआधी त्याला उभे करून चालायला लावा. टाचांवर, मग चवड्यांवर. लघवी नीट होते का, हे न लाजता विचारा. आणि उत्तर काहीही येवो, त्याच्याबरोबर स्वतः रुग्णालयाच्या रांगेत उभे राहा.

हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, तो त्या सल्ल्याच्या दारापर्यंत नेण्यासाठी आहे. एका जरी घरात निसटणारी चप्पल वेळेवर ओळखली गेली तरी आमच्या चुकीची थोडीशी परतफेड झाली, असे आम्ही समजू.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!